सुमेधाचा फाँट

धम्मपालचं पत्र सहा वर्षं त्र्यंबकरावांच्या शब्दकोशात पडून होतं. 'डब्यातून पितळ नेलं म्हणून मला कंपनीतून काढलं. त्या दिवशी गेटवर तुम्ही होतात. माझा डबा रिकामा होता, एवढं दोन ओळींत लिहून द्या. कोर्टकचेरीसाठी नको. माझ्या मुलीला, रचनाला दाखवायला हवं.'

उत्तर गेलं नाही. मागच्या दिवाळीत धम्मपाल गेला.

"बाबा, तीन आठवडे झाले," ऋजुता म्हणाली. रविवारी ती ठाण्याहून डोंबिवलीला वडिलांकडे यायची. तिच्या ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर तिनेच आईच्या जुन्या फाइली घालून त्यांना आणून दिला होता. "वहीत रकाने आखून बसलायत. माझं लग्न ठरवताना पण एवढी चौकशी केली नव्हतीत."

त्र्यंबकरावांनी वही झाकली. एका रकान्यात दरवर्षी पैसे भरायचं ऑफिस सॉफ्टवेअर होतं, दुसऱ्यात फुकटचं. पैसेवाल्याची चाचणीची मुदत आज संपत होती.

"दोन्हींत तुझ्या आईची फाइल उघडत नाही."

"उघडते. वाचता येत नाही."

तिने फाइल उघडली. फाइलीचं नाव 'धम्मपाल'. आत नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. सुमेधाला जाऊन चार वर्षं झाली होती. पडद्याकडे बघताना त्र्यंबकरावांना वाटायचं, ती पलीकडच्या खोलीत कुणाशी तरी बोलते आहे, आणि आपल्याबद्दलच.

हे उत्तर त्यांनी तिला तोंडी सांगितलं होतं आणि तिने टाइप केलं होतं. 'प्रिय धम्मपाल, पत्र मिळालं. त्या दिवशी मी गेटवर टाइमकीपर होतो.' तिथे ते थांबले होते. 'बाकीचं उद्या,' म्हणाले होते.

म्हणजे दीड ओळ. पडद्यावर पाच होत्या. तीन आठवडे ते रोज मोजत होते.

"दोष सॉफ्टवेअरचा नाही, बाबा. आईचा जुना मराठी फाँट यात नाहीये. तिची ती सीडी कुठेय?"

 त्र्यंबकरावांनी वहीच्या पुठ्ठ्यामागून सीडी काढून तिच्यापुढे ठेवली. वर सुमेधाचं अक्षर होतं.

ऋजुता त्यांच्याकडे बघत राहिली. "तुमच्याकडेच होती?"

"हो."

 तिने सीडीवरून फाँट चढवला. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल पुन्हा उघडली. कंस आणि टिंबं गेली, अक्षरं आली. ऋजुता मोठ्याने वाचू लागली. दीड ओळ संपली, तसे त्र्यंबकराव खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

" 'सुटीच्या वेळी सगळे दोन्ही हात वर करून झडती देत. तुमचा डबा मी स्वतः उघडला होता. तो रिकामा होता. नंतर साहेबांनी विचारलं तेव्हा मला माझी नोकरी आठवली आणि मी नीट पाहिलं नाही असं म्हणालो.' "

हे त्यांनी टाइप करायला कधीच सांगितलं नव्हतं. सुमेधाला फक्त एकदा बोलले होते. फार वर्षांपूर्वी, वागळे इस्टेटमधली ती नोकरी सुटल्यावर. तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नव्हती.

"हे खरं आहे, बाबा?"

"तिने एक शब्दही बदलला नाही."

 ऋजुताने माउस हातात घेतला. "नाव बदलू? धम्मपालकाका तर आता..."

"पत्रात तेच राहू दे. पाकिटावर रचनाचं घाल. कळव्याचा पत्ता आहे."

"आणि सॉफ्टवेअर? चाचणी संपतेय आज."

"हे फुकटचं पुरे. मला एवढंच लिहायचं होतं."

छापलेल्या कागदावर त्यांनी सही केली. घडी घालून तो स्वतःच पाकिटात सरकवला.

टपालपेटी स्टेशनच्या वाटेवर होती. पाकीट आत पडल्याचा आवाज ऋजुतालाही आला. तिने रिक्षाला हात केला आणि मागे वळून पाहिलं.

त्र्यंबकराव पेटीसमोरच उभे होते. दोन्ही हात खांद्याइतके वर, तळवे उघडे.