बिनवाक्याची भूमिका

मालनबाईंना या नाटकात एकही वाक्य नव्हतं. एके काळी कामगार नाट्यस्पर्धांत सगळ्या लालबागनं डोक्यावर घेतलेली ही बाई, आणि आता वाट्याला आली प्राण्यांच्या आश्रयघरातली म्हातारी कुत्री. पण करणार काय? वाक्यं हल्ली डोक्यात टिकत नव्हती. माणसांची नावंसुद्धा टिकत नव्हती.

नाटक साधं होतं. मालक कुत्रीला पिंजऱ्यापाशी आणतो, 'बस इथं, आलोच' म्हणतो आणि निघून जातो. पुढं शेवटपर्यंत ती दाराकडे बघत बसते. मालकाचं काम त्यांचा मुलगा हितेंद्र करत होता. चाळीच्या मंडळाचं नाटक, घरचीच माणसं. तालमीत तो दर वेळी दारापाशी जाऊन मागं वळून बघायचा, आणि दर वेळी मालनबाई कुत्रीचं काम सोडून ताठ उभ्या राहायच्या. वळलास की लोकांना वाटतं हा परत येणार, मग ते रडत नाहीत, असं बजावायच्या. दुपारी जेवलो की नाही ते आठवायचं नाही, पण हे बरोबर आठवायचं. कमालच म्हणायची.

हितेंद्रचं वळणं उगाच नव्हतं. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी तो आईला कर्जतकडच्या एका वृद्धाश्रमात सोडणार होता. त्याला नावं ठेवणं सोपं आहे हो. तो आणि त्याची बायको अक्षदा, दोघंही नोकरीवर. मध्यंतरी मालनबाई गॅस चालू ठेवून बाहेर पडल्या, त्या चिंचपोकळीच्या पुलावर सापडल्या. नशीब, चाळ वाचली. आईला त्यानं सांगितलं होतं, चार दिवस हवापालट. तिला काही कळत नाही, याचाच त्याला आधार होता.

परळला प्रयोग झाला. हितेंद्र वळला नाही. सगळं थिएटर रडलं. बाहेर प्राणिमित्र संस्थेनं पिल्लं आणून ठेवली होती. डोळे पुसत बाहेर आलेल्या लोकांनी ती हातोहात घरी नेली, एकसुद्धा उरलं नाही. आत मालनबाईंच्या पाया पडायला रांग लागली होती. त्या प्रत्येकाला विचारत होत्या, जेवून जाणार ना?

दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या व्हरांड्यात हितेंद्रनं बॅग ठेवली. आईला बाकावर बसवलं, तिचा पदर सारखा केला. सांगायचं म्हणून बरंच काही ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"बस इथं, आई. आलोच."

मालनबाई फाटकाकडे तोंड करून बसल्या. तो फाटकापर्यंत गेला आणि थांबला. तिनं आत्ता नुसती हाक मारली, तर तिला तशीच घरी घेऊन जाऊ, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं त्याला वाटलं. त्यानं मान वळवायला घेतली, तेवढ्यात मागून आवाज आला. तोच जुना, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"वळू नको, हितू. वळलास की मला वाटत राहील, तू परत येणार."