मानेचं चिलखत

रिनाने शेवटचा पट्टा ओढून बसवला आणि अंगणात येऊन उभी राहिली. छाती, पाठ, खांदे, ढोपरं, सगळं चंदेरी. मानेभोवती उंच कॉलर, मागून थेट केसांपर्यंत चढलेली. कुठल्याशा लांबच्या ग्रहावरची सैनिक सिंदेवाहीजवळच्या एका शेणाने सारवलेल्या अंगणात उतरली होती. कोंबड्या ओरडत परसात पळाल्या.

गिरजाबाई मोहफुलं वाळत घालत होती. ती उठून लेकीभोवती एक फेरी मारून आली.

"हे तू बनवलं?"

"मंग कोन? पयल्यांदाच बनवलं. दोन महिने लागले."

गडचिरोलीच्या होस्टेलच्या खोलीत तिने हा उद्योग केला होता. लहान मुलांच्या खेळायच्या मऊ चटया कापायच्या, इस्त्रीने गरम करून वाकवायच्या, चपला चिकटवायच्या सोल्यूशनने जोडायच्या आणि वरून गेटाचा चंदेरी रंग. पहिली छाती उलटी बसली, दुसरी इस्त्रीखाली आकसून गेली. तिसरी बघून खोलीतली दिव्यानी म्हणाली होती, लोखंडच वाटते! रविवारी नागपूरला वेशभूषेची स्पर्धा होती आणि परीक्षकांनाही तसंच वाटावं, एवढीच रिनाची इच्छा होती.

गिरजाबाईला तर तसं वाटलंच.

"मानेले पूर्न झाकते व हे?" तिने मागून कॉलरवर हात ठेवला.

"झाकते ना. गोळी आली तरी काई नाई होत."

"अन् वाघाचा दात?"

रिना सैनिकाच्या जाड आवाजात म्हणाली, "दात तुटन त्याचा!"

गिरजाबाई हसली नाही. आठ दिवसांपूर्वी शेजारची सोमारी नाल्याजवळच्या मोहाखाली फुलं वेचायला वाकली होती. वाघाने मागून तिची मान धरली. तेव्हापासून गावातल्या बाया सडकेच्या कडेनेच वेचत होत्या, आणि सडकेच्या कडेला दिवसभरात अर्धी टोपलीसुद्धा भरत नव्हती.

"हलकं काऊन हाये मंग?" रिनाने काढून दिलेली कॉलर हातात घेऊन तिने विचारलं.

इथे रिनाला खरं सांगता आलं असतं. पण एरवी आई म्हणायची, कॉलेजात शिकून राह्यली का कागदं कापून राह्यली. आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत लेकीचं कौतुक दिसत होतं. अशा वेळी चटईचं नाव कोण काढतं?

"अंतराळातलं हाये आई. तिथं जड चालत नाई."

गिरजाबाईने मान हलवली. मग कॉलर स्वतःच्या गळ्यात घालून बघितली. रिनाला गंमत वाटली. मागची कडी कशी दाबायची, ते तिने आईचा हात धरून दाखवलं. गिरजाबाई वाकली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा वाकली.

"वाकता येते," ती म्हणाली.

रिनाने मोबाइलवर तिचा फोटोही काढला.

सकाळी रिना उठली तेव्हा चूल विझलेली होती आणि आई नव्हती. त्याचं नवल नाही, फुलं पहाटेच गळतात. दाराजवळच्या खिळ्याला फॉरेस्टवाल्यांनी दिलेला मुखवटा मात्र लटकलेला होता. डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा, म्हणजे माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाघाला वाटतं. त्याच्याशिवाय गिरजाबाई उंबरठा ओलांडत नसे.

रिनाने खाटेवर बघितलं. छाती होती, पाठ होती, दोन्ही खांदे होते. कॉलर नव्हती.

ती अनवाणीच पळाली.

सडकेच्या कडेला चार-पाच बाया वेचत होत्या. सगळ्यांच्या डोक्यामागे तेच मोठ्या डोळ्यांचे चेहरे. सुगंधाबाईने कंबर सरळ केली.

"आई कुठी हाये, काकू?"

"थे त नाल्याकडं गेली. सोमारीच्या झाडाखाली. आठ दिवसांपासून कोनी गेलंच नाई, सडा पडला असन म्हने फुलाचा."

"तुमी जाऊ काऊन देल्लं?"

"आमी सांगलं नोको जाऊ. आयकते का? म्हने, मले कायचं भेव, माह्या पोरीनं मले लोखंडाची मान देल्ली." सुगंधाबाईने रिनाकडे जरा हेव्यानेच बघितलं. "माह्यासाठी बी बनवशीन का व एक?"

रिनाने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. होस्टेलमध्ये एकदा कॉलरवर तिच्या अंगठ्याचं नख रुतलं होतं. केवढी खोल खूण पडली होती! ती बुजवायला तिने रंगाचा आणखी एक हात मारला होता.

नाल्याच्या अंगाला वानरं खाकरली, वाघ दिसला की खाकरतात तशी. एकदा, मग लागोपाठ. बायांचे हात जागच्या जागी थांबले. कुणीतरी हळूच टोपली उचलली.

"आई!" रिना झाडांकडे पळत सुटली. सुगंधाबाईने धरलेला तिचा हात सुटला. "आई, चटई हाये व थे! चटई हाये!"

पानगळीने उघड्या पडलेल्या झाडांमधून, लांब, नाल्यापाशी एक चंदेरी ठिपका वर आला. क्षणभर थांबला. ऊन लागून चमकला.

मग पुन्हा फुलं वेचायला खाली वाकला.