आधी कॉपी, मग अपडेट

"वहिनी, त्या स्विचला हात नको हं! मधेच लाइट गेली तर डिस्कची वाट लागेल."

दिपालीने हात मागे घेतला. सिद्धेश पुन्हा लॅपटॉपकडे वळला. पुढ्यात पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर उघडा पडला होता आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क घुरघुरत होती. मढच्या या घराला कॅमेरा त्यानेच बसवून दिला होता, दिपालीच्या नवऱ्यासाठी, पिंटूसाठी. अंगणात वाळत घातलेली मासळी चोरीला जायची म्हणून. पुढे टीव्हीवर चित्र दिसेनासं झालं, आणि डबा मेला असं समजून घरातल्यांनी तो विषयच सोडून दिला.

मेला कसला! सिस्टम जुनी झाली होती, एवढंच. आत रेकॉर्डिंग चालूच होतं. सिद्धेशने आज आल्या आल्या हे सांगितलं, तेव्हा पिंटूची आई सोनूबाई कोळंबी सोलता सोलता थांबली. अजूनही मासळीची भरलेली पाटी एकटीने डोक्यावर घेणारी बाई, पण तिच्या हातातली कोळंबी खाली पडली.

"म्हणजे माझा पोरगा त्या पहाटे गेला, तेपण असेल त्यात?"

"असणारच, मावशी. सिस्टम अपडेट करतो, मग उघडेल."

पिंटूची होडी पावसाआधी खडकांपाशी उलटलेली सापडली होती. पिंटू नाही सापडला. पिऊन एकटाच समुद्रात गेला, असं सगळे म्हणाले, आणि खरं सांगायचं तर गल्लीत कुणी फार रडलंही नाही. घरात त्याचा हात फार सुटायचा. सिद्धेशला मात्र चुटपुट लागून राहिली होती. शाळेपासूनचा दोस्त होता तो. देह मिळाला नाही म्हणून सोनूबाईने अजून त्याचे दिवससुद्धा घालू दिले नव्हते. निदान म्हातारीला मुलगा एकदा डोळे भरून बघू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

"भावोजी, जुनं सरळ पुसून टाका ना," दिपाली म्हणाली. "आई तेच तेच बघत बसतील. परत रडारड."

"असं कसं पुसू, वहिनी? परत मिळणार आहे का ते?"

"बघू दे गं मला," सोनूबाई म्हणाली. "एकदाच बघते."

दिपाली चहा टाकायला उठली आणि तिचा पाय वायरीत अडकला. प्लग निघाला. डिस्कची घुरघुर थांबली.

"अरे देवा! गेलं का सगळं?" तिने विचारलं.

सिद्धेश आधी दचकला आणि मग हसला. "घाबरू नका. आपलं एकच आहे, आधी कॉपी, मग अपडेट. दुसरी डिस्क बॅगेत आहे माझ्या."

दिपाली हसली नाही.

"ती कॉपी अजून कुणाकडे रे?" सोनूबाईने विचारलं.

"कुणाकडे नाही, मावशी. घरातली गोष्ट आहे तुमच्या. मी इथे आलोय ते बायकोलापण सांगितलेलं नाही."

"बरं केलंस, पोरा."

त्याने दुसरी डिस्क जोडली आणि अपडेट पुन्हा लावलं. चहा झाला, तो पिऊनही झाला. शेवटी तारखांची रांग उघडली. ती तारीख त्याला तोंडपाठ होती. सोनूबाई चष्मा लावून त्याच्या खांद्याशी येऊन बसली.

पडद्यावर काळोखातलं अंगण करड्या रंगात, पण स्पष्ट दिसलं. घराचं दार उघडलं.

"बघा मावशी, आला," तो हळूच म्हणाला.

पिंटू आला खरा, पण स्वतःच्या पायांनी नाही. जाळ्यात गुंडाळलेला होता. पाय दिपालीने धरले होते. डोक्याकडून त्याला उचलून उलट्या पावलांनी पुढे चाललेल्या बाईने कॅमेऱ्याखाली मान वर केली. ती सोनूबाई होती.

सिद्धेशला मागे वळून बघायची हिंमत होईना. त्याच्या पाठीवर हात पडला, अगदी मायेने पडावा तसा.

"मला वाटलं होतं, काळोखात काही दिसणार नाही," सोनूबाई म्हणाली. "दिपाली, दार लाव."