सहावा फोटो

सकाळचा उजेड पूर्वेच्या खिडकीतून घाई न करता आत आला. आधी तो गजांवर थबकला, मग पिठाच्या डब्यावर, दोरीवरच्या ओल्या टॉवेलवर सरकला आणि अखेर स्टुलावर बसलेल्या मुग्धाच्या डाव्या गालावर टेकला. या उजेडाला कुणाची भीड नव्हती. म्हणूनच नांदेडच्या डॉक्टरांनी बजावले होते: दर महिन्याला फोटो पाठवा, फ्लॅश नको, सकाळचाच उजेड हवा.

गालावरचा तांबूस डाग हा कातडीचा क्षय आहे, हे तुकडा तपासल्यावर कळले. त्या दिवशी मुग्धाने घरातला आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला. मोबाइलसमोरही ती चेहरा धरीना; घरात दोघेच, आणि बाहेर ती ओढणी गुंडाळूनच जाई.

"हनुवटी जरा वर," आलोक म्हणाला. बहिणीकडे तो हल्ली कॅमेऱ्याच्या भिंगातूनच पाहत असे.

"नाकाशी लई खाजून राहिलं, दादा."

"धूळ असेल."

"नीट काढ. तुझा फोटो हाच माझा आरसा. न्हाई तर माकड दिसीन."

"माकडाला मी काय करू?"

"हाव, नवऱ्या मुलींना तर गोरं करतोस! बिलोलीत म्हणतेत, आलोकच्या स्टुडिओत सावळी पोरगी शिल्लक राहत न्हाई."

तो हसला नाही. कॅमेरा घेऊन दुकानात गेला.

दुपारी फोटो मुग्धाच्या मोबाइलवर आला. पहिल्या महिन्यातला जांभळाएवढा डाग दुसऱ्या फोटोत फिकटला होता. तो पाहून ती कित्येक दिवसांनी पोटभर जेवली होती. चौथ्यात तो चिंचोक्याएवढा उरला. आज गाल कोरा होता. नेहमीप्रमाणे तिनेच तो फोटो डॉक्टरांकडे पाठवला.

दुसऱ्या सकाळी उत्तर आले: उत्तम. गोळ्या बंद करा. आता येण्याची गरज नाही.

"सुटले रे दादा! रेणापूरच्या पाहुण्यांना आता मला पाहायला खुशाल या म्हण." ती आरशाकडे वळली. "हा सरळ कर. तुझ्याच हातानं."

"उद्या करू."

"काहून उद्या?"

तिने स्वतःच आरसा खिळ्यावरून उतरवला आणि खिडकीशी नेला. तोच उजेड, त्याच घाई नसलेल्या पावलांनी, तिच्या चेहऱ्यावर आला. सहा महिन्यांत प्रथमच आलोकने भिंगाशिवाय तिच्याकडे पाहिले.

डाग नाकपुडीपर्यंत पसरला होता. तो कमी झाला होता फक्त दुकानातल्या संगणकावर, त्याच्याच हाताने.