आठवी चिंधी

सात. पुन्हा मोजल्या, तरी सातच. इंजिनात कोंबल्या होत्या आठ.

डॉक्टरांच्या जुन्या गाडीचं सहा सिलिंडरचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं फ्लॅटहेड इंजिन मी सगळं उघडून नव्यासारखं केलं होतं. व्हॉल्व्ह बसवताना त्यांना धरून ठेवणारी बारीक लॉक खाली तेलात पडू नयेत, म्हणून आम्ही तेलाकडे जाणाऱ्या भोकांत चिंध्या कोंबतो आणि व्हॉल्व्हवरचं झाकण लावायच्या आधी काढून मोजतो. या वेळी मी मोजल्या त्या झाकण लावल्यावर. आता नुकतेच चढवलेले दोन्ही नवे कार्बोरेटर उतरवल्याशिवाय ते झाकण निघणार नव्हतं. आणि डॉक्टर हातात चावी घेऊन दारात उभे.

"अहो, जुन्या गाड्यांची रॅली तासाभरात सुटेल. तुमचं मोजणंच चुकलं असेल."

"चुकलं असेल तर देव पावला. नसेल, तर ती चिंधी तेलाची वाट बुजवेल आणि इंजिन भर रस्त्यात जाम होईल."

"एवढ्याशा फडक्यानं?"

माझा आवाज चढलाच. "पोट शिवायच्या आधी तुम्ही नाही का बोळे मोजत?"

"सिस्टर मोजतात," ते म्हणाले.

मी पाना उचलला. पहिला नट सैल होतोय तोवर मागे चावी बाकावर ठेवल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर डॉक्टरांच्या कानाला फोन.

"सिस्टर, काल एक बोळा कमी म्हणालात, तुमचं मोजणं बरोबर असेल. कालच्या ऑपरेशनच्या आजींना काही खायला देऊ नका. मी निघालोय."