शनीची कडी

जतीनशेठच्या चिकूवाडीत मुंबईचे पाहुणे दुर्बिणीभोवती जमले आणि बांधापलीकडे दक्षाने अंगणातला हॅलोजन लावला. सगळी वाडी लख्ख झाली, आभाळातला एकेक तारा पुसला गेला.

जतीनशेठ धापा टाकत आला. "अगं, बंद कर तो दिवा! लोक एवढ्या लांबून शनी बघायला आलेत."

दक्षा पायरीवरून हललीसुद्धा नाही. दहा वर्षांची असताना ती याच माणसाच्या खिडकीबाहेर टाचा उंच करून टीव्हीवरचा ग्रहताऱ्यांचा कार्यक्रम बघायची. एकदा नेमकी शनीची कडी दिसायला लागली आणि त्याने तिच्या तोंडावर खिडकी लावून घेतली. "तारे बघायचेत तर आभाळात बघ, तिथे फुकट आहेत," म्हणाला. आतली सगळी माणसं खो खो हसली होती.

"दक्षा, हात जोडतो तुला." त्याने खरंच जोडले.

"शनी ना? माझ्या टीव्हीवर लागलाय की," ती म्हणाली. "पाहुण्यांना घेऊन या, शेठ, आणि खिडकीबाहेर उभे राहा. टाचा उंच केल्या की कडी चांगली दिसते. घाबरू नका, मी खिडकी लावून घेत नाही."