मिठावरून

ठोके सांभाळणारं मशीन छातीत बसल्यापासून बरकतपुऱ्यातल्या घरात अंबाजीरावांशी कुणी भांडेना. ते खट्ट्या दालीचा वाडगा ढकलायचे, बायकोच्या माहेराचा उद्धार करायचे, तरी तारामती नुसती ‘बरं’ म्हणायची.

“मेलेल्याशी बोलतात तसं गोड बोलतात सगळे! हौला झालोय का मी, खुळा?” तपासणीला गेल्यावर ते दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमवरच खेकसले. मॅडमनी तारामतीला बाजूला नेऊन काहीतरी समजावलं.

संध्याकाळी “दालीत मीठ कुठंय?” म्हणताच तारामती कडाडली, “हात मोडलेत का? घ्या उठून! मशीन बसवायला सही केली, तिथंच चुकलं माझं!”

अंबाजीरावांना किती दिवसांनी बरं वाटलं. ते हसले. “मॅडमनी भांडायला सांगितलं ना?”



“त्यांनी फक्त मिठावरून सांगितलं होतं.”